नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर

महोदय,
प्रवासी विमान आणि छोटे खासगी विमान टकरीतून थोडक्यात बचावले, की ‘वैमानिकाचे लक्ष नव्हते का?’ असा प्रश्न हमखास येतो. मला तो अपुरा वाटतो. धडकणारे विमान काचेतून सरकताना दिसतच नाही. एका जागी ठिपक्यासारखे राहते आणि अगदी शेवटी एकदम मोठे होते. हालचाल टिपायला सरावलेली नजर इथेच फसते. १९७८ साली सॅन दिएगोवर बोइंग ७२७ च्या वैमानिकांना छोटे सेसना विमान आधी दिसले होते, मग नजरेआड झाले. १४४ जण गेले. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसला ८२. तिथे धडकलेल्या छोट्या पायपर विमानाचा ट्रान्सपाँडर (रडारला आपोआप उत्तर देणारे उपकरण) उंची कळवणारा नव्हता. पुढे अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली खरी. पण समोरचे विमान आपली उंची कळवत असेल, तरच ती ‘वर जा’, ‘खाली या’ असे सांगू शकते. हौशी वैमानिक (सगळे नव्हेत) उंची कळवणाऱ्या उपकरणाच्या खर्चाकडे बोट दाखवतात. दाखवोत बापडे! गर्दीच्या विमानतळांभोवती तरी अशा मुक्या विमानांना प्रवेश नसावा आणि नियम आहे तिथे सवलतींची खिरापत बंद व्हावी.

– एक वाचक