ओसीटीच्या अहवालात दुसरा डोळाही हवा

महोदय,

डोळ्याच्या पडद्याची शीर बंद पडलेले रुग्ण चंदगड, गगनबावड्यापासून ओसीटी (पडद्याच्या थरांचा प्रकाशाने घेतलेला स्कॅन) काढायला कोल्हापुरात येतात आणि पुष्कळदा आजारी डोळ्याचाच कागद घेऊन परततात. त्यात हातची माहिती जाते.

शीर तुंबली की पडद्याला प्राणवायू कमी पडतो, व्हीईजीएफ हे प्रथिन वाढते, वाहिन्या पाझरतात आणि मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाला, सूज येते. तेच प्रथिन पडद्यामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंतही पोचते. म्हणून तुंबलेली शीर कोरॉइडची नसली, तरी त्या डोळ्यातला हा थर बहुधा जाड होतो आणि व्हीईजीएफला रोखणाऱ्या, डोळ्यात द्यायच्या इंजेक्शननंतर बऱ्याच जणांत पुन्हा पातळ होतो. पण जाड म्हणायचे कशावरून? सगळ्यांना लागू पडेल असे एक माप नाही. वयाबरोबर कोरॉइड पातळ होतो, मोठा मायनस नंबर असेल तर आणखीच. रुग्णाचा दुसरा, निरोगी डोळा हीच खरी मोजपट्टी.

मोजताना ओसीटीचा ईडीआय (खोलवरचे थर स्पष्ट दाखवणारा) मोड लावावा. साध्या स्कॅनमध्ये कोरॉइडची मागची कड धूसर येते. फोव्हियाच्या (मॅक्युलाच्या केंद्रबिंदूच्या) बरोबर खाली, आरपीईच्या (पडद्याच्या सर्वांत मागच्या रंगद्रव्याच्या थराच्या) बाहेरच्या कडेपासून स्क्लेराच्या (डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या) आतल्या कडेपर्यंत उभी रेघ धरावी. सूज किंवा रक्तस्राव जास्त असला की खाली सावली पडते आणि मशीनने आपोआप आखलेली रेघ भलतीकडेच जाते. ती हाताने सुधारावी लागते. वेळही सांभाळावी. कोरॉइड सकाळी जाड, संध्याकाळी पातळ. फरक २०-३० मायक्रॉनचा सहज पडतो. पहिला स्कॅन सकाळच्या एसटीने आल्या आल्या काढला आणि पुढचा संध्याकाळी पाचला, तर औषध न देताही कोरॉइड उतरलेला दिसेल.

मात्र पुढचे इंजेक्शन द्यायचे की नाही, हे एकट्या कोरॉइडवरून ठरवू नये. ते मॅक्युलाची सूज आणि नजर पाहूनच. अक्षरे दिसू लागली की रुग्ण पुढची तारीख चुकवतात, याची फार काळजी वाटते. ०.०५ मिली औषधाचा असर साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरतो, शिरेतला अडथळा मात्र तसाच असू शकतो. रक्तदाबही आटोक्यात हवा, कारण कडक झालेली धमनीच शिरेला दाबते.

ओसीटी केंद्रांनी अहवालावर दोन्ही डोळ्यांचे ईडीआय स्कॅन आणि तपासणीची वेळ छापावी, आणि रुग्णांनी जुने कागद प्रत्येक खेपेला बरोबर आणावेत, ही कळकळीची विनंती.

– एक नेत्रतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर