चष्मा बदलण्याआधी दोन बोटं दाखवा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातला, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. जन्मभर पोरांचे पाढे घेतले, पण यंदा पोळ्याच्या सुमारास जी उजळणी घेतली तशी कधी घेतली नव्हती. माझी पुतणी न्यूरोसर्जरी, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रिया, शिकते. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस आणि त्यावर तीन वर्षं एम.सीएच. शेवटची परीक्षा जवळ आली तशी ती वह्यांचं गाठोडं घेऊन चार दिवस घरी आली. एक वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही नुसते प्रश्न वाचा. मी चुकली तर थांबवा." उत्तरं खाली पेन्सिलनं लिहिलेली होती म्हणून बरं, नाहीतर मी काय थांबवणार!

ओसरीवर ती फेऱ्या मारत होती, मी खाटेवर, आणि आमची मंडळी सुपात तुरी निवडत खांबाला टेकून बसलेली. प्रश्न पिट्यूटरीचे निघाले, म्हणजे पाळीसकट अंगातल्या बऱ्याच गोष्टी रसांनी चालवणाऱ्या ग्रंथीचे. मेंदूच्या बुडाशी हाडाला एक खोलगट जागा असते, तिचं लॅटिन नावच 'तुर्की खोगीर' असं आहे. त्या खोगिरात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी बसते. तिच्या वरच्या अंगाला दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात. तिथं फक्त डोळ्यातल्या नाकाकडच्या पडद्याचे धागे बाजू बदलतात, आणि नाकाकडचा पडदा बाहेरच्या कडेचं पाहत असतो. म्हणून ग्रंथीची गाठ वाढून मधोमध दाब आला की समोरचं नीट दिसतं आणि दोन्ही कडा जातात. टांग्याच्या घोड्याला झापडं लावावीत तसं.

मी पुढचा प्रश्न वाचला, "खालून दाब आला तर आधी कोणता कोपरा जातो?" पुतणी तोंड उघडणार तोच सुपाकडून उत्तर आलं, "वरचा, बाई. शिंकं काई दिसे नाई मले."

पोरगी थबकली. उत्तर बरोबर होतं. खालून दाब आला तर आधी वरचे बाहेरचे कोपरे, वरून आला तर खालचे. मोठी आई पास झाली, असं ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आधी स्वयंपाकघरात टांगलेल्या शिंक्यावर तिचं डोकं आपटायचं, मग वलणीवर, मग दाराच्या चौकटीला खांदा. मी म्हणायचो, लक्ष कुठं असतं तुझं? कापूस वेचणीला बायांसोबत जायची तर पराटीच्या तासात हाताजवळची बोंडं सुटायची. बाया म्हणत, "काहून वो, अर्धा कापूस झाडालेच ठेवतं काय?" डोकं दुखायचं. दोन वर्षांत चष्मा तीनदा बदलला. दुकानातला तक्ता ती शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचायची, कारण तक्ता नाकासमोर असतो! मोतीबिंदूच्या एका शिबिरातही तिला 'नजर चांगली' म्हणून परत पाठवलं. त्याच्याही आधी, त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी बंद झाली होती. लवकर सुटली, असं म्हणून घरच्यांनी तो विषय संपवला. तीही त्याच ग्रंथीची खूण होती हे आम्हाला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळलं.

शेवटी पिट्यूटरीची गाठ निघाली. शस्त्रक्रिया नाकातून झाली, कवटी उघडावी लागली नाही. नाकाच्या वाटेनं पिट्यूटरीची गाठ काढण्याचं हे काम हर्मन श्लोफर यांनी 1907 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला पहिल्यांदा केलं, असं वहीत होतं. आता दुर्बीण असते. गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती. नजर काही आली, काही गेली ती गेलीच. नस फार दिवस दाबलेली राहिली की तिचा रंग फिका पडतो आणि मग ती पुरती सावरत नाही. आमची मंडळी आजही रस्ता ओलांडताना बैलासारखी मान दोन्हीकडं फिरवते.

आता मला चीड आणणारी गोष्ट सांगतो. मी पुतणीला विचारलं, हे शोधायला एमआरआयच लागतो का? ती म्हणाली, गाठ बघायला लागतो, संशय यायला दोन बोटं लागतात. तिनं मलाच समोर बसवलं, हातभर अंतरावर. मी एक डोळा तळहातानं झाकला, तिनं तिचा समोरचा डोळा मिटला. मी तिच्या नाकाकडं बघायचं, ती बाहेरून आत बोटं आणणार, दिसली की सांगायचं, किती ते मोजायचं. वरचा कोपरा, खालचा कोपरा, उजवीकडं, डावीकडं, मग दुसरा डोळा. तीन मिनिटं. यंत्र नाही, वीज नाही, खर्च नाही. चष्मे देणाऱ्यानं किंवा शिबिरातल्या माणसानं हे एकदा केलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

वहीत डोक्यातल्या गाठींच्या बाकीच्या खुणाही होत्या. एकाच कानानं ऐकू येणं कमी होत जाणं आणि त्याच कानात सतत आवाज. सकाळी उठल्या उठल्या लेकराला उलटी, डोकेदुखी, आणि चालताना तोल जाणं. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फेफरं. (इथं घाबरायचं नाही, कारण आपल्या देशात फेफरं पुष्कळदा टेपवर्मच्या अंड्यांनी मेंदूत झालेल्या गाठीमुळंही येते आणि तिला औषध आहे. पण तपासणी हवीच. कांदा हुंगवून भागत नाही.) आणि दूध उतरणं, बाळंतपण नसताना. बाया हे लाजेनं कोणाला सांगत नाहीत, आणि पिट्यूटरीच्या त्या प्रकारच्या गाठी तर बहुतेकदा नुसत्या गोळ्यांनी आकसतात!

संपादक महोदय, कपाशीतल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की बोंडअळीसाठी फवारणी करायची, हे आमच्याकडं अंगठा लावणाऱ्यालाही पाठ आहे, कारण वर्षानुवर्षं ते छापून आलं, सांगितलं गेलं. त्याच पानावर, अळीच्या चित्राशेजारी, या दोन बोटांचं चित्र एकदा छापा. आशाताईंच्या प्रशिक्षणात आणि मोतीबिंदूच्या शिबिरात ही तीन मिनिटं घालावीत, अशी आरोग्य खात्याला आपल्यामार्फत विनंती आहे. तक्ता वाचून झाला की माणसाला लगेच उठवू नका, एवढंच.

आमच्या गावात पुढचं शिबिर दिवाळीनंतर शाळेच्या वऱ्हांड्यात लागतं. दोन खुर्च्या मी आणून ठेवीन. बोटं कशी धरायची ते दाखवायला आमची मंडळी येणार आहे, ती आधीच तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ