'किरकोळ दुरुस्ती' म्हणजे नेमकी किती?

संपादक महोदय,

आपल्या अंकातल्या 'घर विकणे आहे'च्या छोट्या जाहिराती मी रोज वाचते. 'किरकोळ दुरुस्ती, भाड्यासाठी उत्तम' असे दिसले की हसू येते. अशाच एका किरकोळ दुरुस्तीत माझ्या निवृत्तीच्या पैशातले 6 लाख 10 हजार गेले.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एप्रिल 2025 मध्ये बेळगावच्या शहापुरात एक जुने कौलारू घर भाड्याने देण्यासाठी घेतले. किंमत 22 लाख. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावरचे उपकर आणि नोंदणी फी मिळून आणखी 1 लाख 45 हजार. हे सगळे वहीत आधीच मांडले होते. दुरुस्तीपुढे मात्र एजंटाने सांगितलेलाच आकडा लिहिला, अडीच लाख. आयुष्यभर पोरांना 'ताळा करून बघा' म्हणत आले आणि स्वतः ताळा न करताच संचकार (विसाराची रक्कम) देऊन बसले.

घर बघितले ते उन्हाळ्यात. भिंतींना ताजा रंग, सोप्यातल्या तुळईला चकचकीत ऑइलपेंट. जूनमध्ये मेस्त्रीने त्याच तुळईत स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तशी वाळवीची माती भुरभुर खाली पडली. 'बाई, हे लाकूड नाही, नुसता रंग उभा आहे,' म्हणाला. मग वासे, रिपा, कौले सगळेच उतरवावे लागले. एकट्या छपराला 2 लाख 35 हजार. एजंटाचे अडीच लाख तिथेच संपत आले.

दुसरा घोळ जमिनीत होता. घर विणकराचे. माजघरात पूर्वी खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग) असायचा. तो खड्डा कधीतरी फुटक्या कौलांनी बुजवून वर शहाबादी फरशी टाकलेली. पहिल्या मोठ्या पावसात फरशी वीतभर खचली. आधी काठीने ठोकून बघितले असते तर पोकळ आवाज आला असता. पण घर बघायला जाताना काठी कोण नेतो?

भिंती पांढऱ्या मातीच्या. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात अशी किती घरे बसली, ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिले आहे. या भिंतींवर आधीच्या मालकाने सिमेंटचा गिलावा मारला होता. त्याने ओल आत कोंडली आणि पोपडे धरले. वायरिंग आणि न्हाणीचे रडगाणे गात नाही.

हिशेबात कुणीच धरत नाही अशी गोष्ट म्हणजे राडारोडा. ट्रॉली गल्लीच्या तोंडाशीच थांबते, पुढे घमेल्याने डोक्यावरून. आणि दिवस! कामगार खानापूर तालुक्यातले, जुलैत ते भाताच्या लावणीला गेले. काम गणपतीच्या आदल्या आठवड्यात संपले, तोवर भाडे शून्य. (22 सप्टेंबरला सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, माझी पोती संपल्यावर! पण 31 ऑगस्टला नोंदणी फी 1 ची 2 टक्के झाली, त्यातून तेवढी वाचले.)

आता भाडे येते महिना 9,500. एकूण घातले साडेएकोणतीस लाख. भागाकार वाचकांनी करावा. बिले दाखवली की प्राप्तिकरात सूट मिळेल असा माझा समज होता. सीएने सांगितले, घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट, दुरुस्ती एक रुपयाची असो की सहा लाखांची. मोठ्या कामाची बिले तरी जपा, घर विकताना नफ्याच्या हिशेबात लागतील, असेही म्हणाला.

यंदा माझा भाचा अनगोळात एक घर बघतोय. या वेळी संचकाराच्या आधी मेस्त्री आणि वायरमन दोघांना पाचशे-पाचशे देऊन घरात फिरवले, खोलीवार खर्च लिहून घेतला, वर पाचवा हिस्सा अडीअडचणीला धरला. बेरीज झाली 4 लाख 80 हजार. तो कागद मालकापुढे ठेवून भाच्याने किंमत कमी करायला सांगितले. मालक दीड लाख सोडायला तयार आहे, पण संचकार मे संपायच्या आत पाहिजे म्हणतो. भाचा म्हणतो, पहिला पाऊस पडू दे, कौलांखाली उभा राहून बघतो, मग देतो. अजून अडले आहे ते तिथेच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव