थर उतरताना

गिरगाव, मुंबई
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय सुऱ्या,

तुझं पत्र दहीहंडीच्या आदल्या रात्री वाचलं. बाहेर पाऊस असा कोसळत होता की गॅलरीतली बादली मी दोनदा रिकामी केली. चार पानं लिहिलीस! शाळेत निबंधाच्या दहा ओळी लिहायच्या म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं. स्वित्झर्लंडमधल्या त्या लाउटरब्रुनेन खोऱ्याने तुला चांगलाच हलवलाय.

तू लिहिलंयस ते सगळं डोळ्यांपुढे आलं. दोन्ही बाजूंना सुरीने कापल्यासारखे कडे, मध्ये हिरवं खोरं, जवळजवळ तीनशे मीटरवरून पडणारा तो श्टाउबबाखचा धबधबा, आणि त्याच कड्यांवरून पाठीला एकच पॅराशूट लावून उड्या टाकणारी माणसं. एकच, म्हणजे ते उघडलं नाही तर विषय संपला, हे तू खाली दोन रेघा मारून लिहिलंयस. उडीच्या आधी हेलिकॉप्टरच्या तळावर फोन करून कळवायचं, आणि ज्यांच्या कुरणात उतरायचं त्या शेतकऱ्यांसाठी आधीच कार्ड विकत घेऊन ठेवायचं, हे वाचून मला हसूच आलं. जीव पणाला लावायला निघालेला माणूस आधी गवताचे पैसे चुकते करतो. स्विस शिस्त म्हणतात ती हीच असावी.

आणि शेवटी तू विचारलंयस, "अव्या, ही माणसं असं का करत असतील रे?"

हे तू विचारावंस? १९९३च्या दहीहंडीला नाक्यावर चिखलात अनवाणी उभा होतास, डाव्या खांद्यावर त्या जाड्या बाब्याची टाच घेऊन, तो कोण होता मग?

तुझ्या पत्रामुळे मी त्या उडीवाल्यांबद्दल थोडं शोधून वाचलं. त्या खेळाला बेस जंपिंग म्हणतात. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे कडेकपारी, या चार इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं घेऊन तो 'बेस' झाला. त्यामागे कार्ल बोनिश नावाचा अमेरिकन माणूस. योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरून १९७८ साली मारलेल्या उड्यांचं त्याने चित्रीकरण केलं आणि तिथून हे वेड पसरलं. पुढे १९८४च्या जुलैत नॉर्वेच्या ट्रोलवेगन कड्यावरून उडी मारताना तो मेला. बायकोबरोबर तिथेच विक्रमी उडी मारून दोन दिवसही झाले नव्हते. मला गप्प केलं ते पुढच्या गोष्टीने. त्याची बायको जीन, तीही उड्या मारणारी, थोड्याच दिवसांत परत त्या कड्यावर गेली आणि उडी मारून खाली उतरली. नॉर्वेने १९८६मध्ये तिथल्या उड्यांवर बंदी घातली. जीनने काय विचार केला असेल ते मला सांगता येणार नाही, पण तिला वेडी म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पण गंमत बघ, शब्द तोच. त्यांचा बेस म्हणजे वरून उडी, आणि आपला बेस म्हणजे सगळ्यात खाली उभं राहायचं.

तुला आठवतं का, बेसला उभं राहिल्यावर काय दिसायचं? काही नाही! मान खाली, हात एकमेकांच्या खांद्यांत अडकवलेले, आणि डोळ्यांपुढे दहा-बारा जणांच्या पायांची बोटं. तुझ्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, ते मला आजही दिसतं. वरच्याची टाच खांद्याच्या टोकावर पडली तर मेलो, मानेच्या बुडाशी पडली तर निभावलं. वरून लोकांच्या बादल्या, म्हणजे पाणी मानेवरून पाठीत आणि पाठीतून चड्डीत. खोबरेल, ओला बनियन आणि कुणीतरी सकाळी खाल्लेल्या मिसळीचा वास. वर किती थर लागले ते मास्तरांच्या आवाजावरून कळायचं. "चार... पाच... अरे सांभाळ... सहा..." आणि हंडी फुटली हे आपल्याला कळलं ते डोक्यावर दही पडलं तेव्हा.

मग लोकांनी जो आरडाओरडा केला, त्यात आपले वरचे सैल पडले. मधला थर आतल्या आत बसला. पिंट्या, नऊ वर्षांचा एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा, आधी माझ्या पाठीवर आदळला आणि मग रस्त्यावर. कोपर मोडलं. बक्षिसाचे ते पाच हजार एक रुपये त्याच्या प्लास्टरला आणि बिस्किटांनाच गेले असतील. तू त्याला उचलून टॅक्सीत घातलंस आणि मी मूर्खासारखा हंडीचं खापर हातात घेऊन उभा होतो.

तोच पिंट्या आता आपल्या पथकाचा कोच आहे. एक्केचाळिसाचा झाला, पुढून टक्कल पडलंय. कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. हात वर करून 'थांबा' अशी खूण केली तरी ती 'काय करू' अशी वाटते. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रोज रात्री नऊ ते साडेअकरा मैदानात सराव. या वर्षी मी चार-पाच वेळा गेलो, आधी नुसता बघायला म्हणून.

तिथे एक नवीन गोष्ट पाहिली. पिंट्या सरावाचा निम्मा वेळ पोरांना उतरायला शिकवतो. थर लागले की तो वरून खाली मोजायला लागतो. "एक्का उतर. दुर्री बस. दुर्री उतर. तिर्री, घाई नको." प्रत्येक जण खालच्याच्या पाठीला चिकटून घसरत येतो, आणि खालच्याने वरच्याचा पाय सुटला तरी आपली कड सोडायची नाही. मी म्हटलं, "अरे, फुटली हंडी की झालं ना?" तर म्हणाला, "अव्यादादा, चढताना सगळेच हुशार असतात."

मग त्याने मोबाईलवर कातालोनियाचे मनोरे दाखवले. स्पेनमधला, बार्सिलोना शहर ज्यात आहे तो भाग. तिथे आपल्यासारखेच माणसांचे थर लावतात, त्याला कास्तेल म्हणतात. युनेस्कोने २०१०मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. कमरेला लांबलचक काळा पट्टा गुंडाळतात. त्याने पाठीला आधार मिळतो आणि चढणाऱ्याला त्यात पाय रोवता येतो. सदऱ्याची कॉलर दातांत धरतात, म्हणजे वरच्याच्या पायाखाली कापड सरकत नाही. वरच्या लहान पोरांना हेल्मेट. सगळ्यात वरचं पोर टोकाला पोचलं की एक हात वर करतं, की मनोरा चढला. पण तिथे चढलेला मनोरा वेगळा मोजतात आणि चढून सुखरूप उतरलेला वेगळा. उतरताना कोसळला तर मान कमी. पिंट्या हे मला लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता.

आपल्याकडे असं काहीच नाही असंही नाही म्हणा. सलामी असते की. हंडीला हात न लावता थर लावायचे आणि नीट उतरवायचे. पण टीव्हीवर काय दाखवतात? मडकं फुटलं आणि थर कोसळले, तेच दहा वेळा, वर ढोल.

तू गेल्यापासून हे सगळं केवढं वाढलं ते तुला तिकडून कळायचं नाही. आपण सहा थरांना छाती फुगवायचो. २०१२मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीजमध्ये नाव गेलं. चार मजल्यांची आपली चाळ आठव आणि मग त्या फुटांचा विचार कर. २०१४मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्यांना बंदी केली. त्यावरून किती वर्षं रणकंदन! शेवटी २०१७मध्ये उंचीची अट गेली, आणि चौदा वर्षांखालचं पोर चढवायचं नाही एवढं राहिलं. २०२२मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना विमा आणि सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत जागा जाहीर केल्या. त्यावर स्पर्धा परीक्षांची पोरं भडकली, आणि मला विचारशील तर त्यांचं चुकलं नव्हतं. पुढच्या वर्षी वरळीच्या डोममध्ये प्रो गोविंदाची लीगसुद्धा झाली. पाऊस नाही, चिखल नाही, वरून कुणी म्हातारी बादली ओतत नाही. मी टीव्हीवर पाहिली. बरी होती.

आणि या १६ तारखेला ठाण्यात कोकण नगरच्या पथकाने दहा थर लावले. दहा! मी बातम्या बघता बघता उभाच राहिलो. त्याच दिवशी मानखुर्दला हंडीची दोरी बांधताना एक बत्तीस वर्षांचा माणूस पडून गेला. तो तर थरातही नव्हता. त्याच्या आठवडाभर आधी दहिसरला सराव करताना एक अकरा वर्षांचं पोर वरून पडून गेलं.

ते पोर गेल्यापासून तुझ्या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलोय. तुझा तो उडीवाला स्वतःच्या मानेशी खेळतो. कागद वाचतो, वारा बघतो, फोन करतो, गवताचे पैसे भरतो आणि उडी मारतो. चुकला तर त्याचं त्याला. आपल्याकडे ज्याला सगळ्यात वर पाठवतो त्याला विचारतो का कुणी? विचारलं तरी नऊ वर्षांचं पोर 'नाही' म्हणेल का, जेव्हा अख्खी चाळ त्याच्या नावाने ओरडत असते? पिंट्याला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही, मीही नाही. हलका आहे, माकडासारखा चढतो, एवढंच आपण बघितलं. धाडसी म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली त्याची, आणि तो पाच महिने डाव्या हाताने लिहीत होता.

आता घरातली गोष्ट. सुमीची धाकटी तुला आठवते ना, मागच्या वेळी तू आला होतास तेव्हा रांगत होती? ती आता साडेआठ वर्षांची आहे, चोवीस किलो, आणि भिंतीवर पालीसारखी चढते. आपल्याच पथकातल्या दोघांनी घरी येऊन सुमीला विचारलं. सुमीने माझ्याकडे पाहिलं. मला पटकन 'नाही' म्हणता आलं नाही, हे तुला खरं सांगतो. एवढी वर्षं खाली मान घालून उभं राहिल्यावर आपल्या घरातलं कुणी एकदा वर दिसावं, असं कुठेतरी आत वाटलं. पोरगी तर नाचायलाच लागली. तिला घेऊन सरावाला गेलो, तर पिंट्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खिशातली गोळी दिली आणि म्हणाला, "चौदा झाली की ये. तोपर्यंत मास्तरांच्या वहीत हजेरी मांड." ती रडत घरी आली. मी तिच्यामागून, जरा सुटल्यासारखा.

याची किंमत पथकाने मोजली. आमचा एक्का पंधरा वर्षांचा, त्यामुळे आठवा थर झेपत नाही. सातावर थांबावं लागतं. दोन चांगली पोरं त्यावरून चिडून दुसऱ्या पथकात गेली. यंदा टी-शर्टवर नाव द्यायला कुणी पुढारी आला नाही, तेव्हा पांढऱ्या बनियनवर स्टेन्सिलने रंगवलं. पहिल्याच पावसात त्याचा निळा ओघळ झाला.

सोळाला सकाळपासून धो धो. टेम्पोत उभं राहून पाच हंड्या फिरलो. हो, फिरलो. मी नुसता पिशव्या सांभाळायला गेलो होतो, पण चौथ्या हंडीला बेसच्या घेरात दोन माणसं कमी पडली आणि पिंट्याने माझ्याकडे बघून मान हलवली. एकोणपन्नासाव्या वर्षी, सुऱ्या! बायकोला अजून सांगितलेलं नाही, तूही फोनवर बोलू नकोस. चपला काढल्या, हात पुढच्याच्या पाठीवर रेटले, मान खाली. परत तेच, नुसती बोटं. फरक एवढाच की एकाच्या पायाच्या बोटाला नेलपॉलिश होतं, बहिणीने झोपेत लावलं म्हणाला.

सात लागले. हंडी फुटली असावी, कारण गर्दी ओरडली. आणि त्या गोंगाटात वरून पिंट्याचा आवाज, अगदी शांत, दुकानात हिशोब सांगावा तसा. "एक्का उतर. दुर्री बस." माझ्या पुढच्या पोराची पाठ थरथरत होती. त्याच्या पाठीवरचा भार एकेका पायाने कमी होत गेला, तो माझ्या तळहातांना कळत होता. असं याआधी कधी अनुभवलं नव्हतं. आपले थर नेहमी एकदमच खाली यायचे ना. शेवटचा उतरला तेव्हा समोरची माणसं दुसऱ्या पथकाचे आठ थर बघायला निघूनही गेली होती. बक्षीस त्यांनाच मिळालं. आम्हाला सलामीचं पाकीट आणि वडापाव.

खांदा अजून दुखतोय. रोज रात्री तेल लावतो आणि बायकोला सांगतो, लोकलमध्ये धक्का लागला.

परवा-तेरवा गणपती येतायत. आईने तुझ्या नावाचे पाच मोदक दरवर्षीप्रमाणे वेगळे काढायचं ठरवलंय, आणि ते दरवर्षीप्रमाणे मीच खाणार.

तू पुन्हा त्या खोऱ्यात गेलास तर माझं एक काम कर. उडी मारणाऱ्याला काही विचारू नकोस. त्या कुरणाच्या मालकाला गाठ, आणि आभाळातून माणूस खाली येताना दिसला की तो हातातलं काम टाकून बघत उभा राहतो का, ते विचार.

तुझा,
अव्या

ता. क. : पिंट्याला तुझा पत्ता दिलाय. त्याला तिथल्या हेल्मेटांच्या किमती हव्या आहेत, लहान मापाच्या. मी म्हटलं, चौदाखालचे घेत नाहीस मग लहान कशाला? तर म्हणाला, सरावाला बघायला येतात ती पोरं ऐकतात थोडीच.