दरही सरकारचे, टंचाईही सरकारचीच

महोदय,

वृद्ध होत चाललेल्या देशांतील कामगारटंचाईवरचा लेख वाचला. जन्मदर घटला, हात कमी पडले, म्हणून परदेशी कामगार आणा आणि निवृत्तीचे वय वाढवा, असा त्याचा सूर आहे. मला हे निदानच अपुरे वाटते.

जपानचेच घ्या. तिथे १५ ते ६४ वयोगटाची संख्या १९९५ नंतर घटतेच आहे. आज दहांतले जवळपास तिघे पासष्टीपुढचे. हे कोण नाकारेल? पण मोठी ओरड आहे ती वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या माणसांसाठी. एरवी माणूस मिळेना की मालक झक मारत पगार वाढवतो. इथे तसे होत नाही, कारण २००० साली सुरू झालेल्या शुश्रूषा विम्यात आंघोळ घालण्यापासून जेवण भरवण्यापर्यंतचे दर सरकार ठरवते आणि साधारण तीन वर्षांनी बदलते. संस्थेची मिळकतच बांधलेली, ती पगार वाढवणार कुठून? रात्रपाळी, कायमची कंबरदुखी आणि वर तुटपुंजा पगार असेल तर तरुण पोरे गोदामात कामाला जाणारच. दर आपणच दाबून ठेवायचे आणि माणसे मिळत नाहीत म्हणून गळाही आपणच काढायचा!

विवाहित स्त्रियांची तऱ्हा आणखी वेगळी. नोकरदार नवऱ्याच्या आरोग्यविम्यात राहायचे तर बायकोची वार्षिक कमाई १३ लाख येनच्या आत हवी. ती ओलांडली की स्वतःचा हप्ता सुरू होतो आणि हातात उलट कमीच पैसे पडतात. मग वर्षअखेरीस, नेमक्या घाईच्या दिवसांत, अर्धवेळ काम करणाऱ्या कित्येक जणी हिशेब करून पाळ्या कमी करतात. काम आहे, करणारी आहे, नियम आडवा येतो.

परदेशी कामगारांसाठी १९९३ मध्ये आणलेली योजना नावाला प्रशिक्षणाची, प्रत्यक्षात मजुरीची. मालक बदलायची सोय जवळजवळ नाहीच. छळ झाला तर पळून जायचे. ती मोडीत काढणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

निवृत्तीचे वय वाढवणे टेबलाशी बसून करायच्या नोकरीत जमेल. पासष्टीच्या सेविकेने ऐंशीच्या आजोबांना पलंगावरून उचलायचे, हे कागदावरच सोपे.

आधी शुश्रूषेचे दर इतर क्षेत्रांतील पगारांच्या बरोबरीने वाढवावेत. त्यासाठी चाळिशीपासून भरावा लागणारा विमाहप्ता वाढेल, हेही मतदारांना निवडणुकीपूर्वीच सांगावे.

— एक वाचक