ओळंबा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे शेवटी खणायलाच शिकतेस ना?" मी हो म्हणून विषय बदलला, पण ते मनातून गेलं नाही. बाबा, माझ्या हातात फावडं येऊ नये म्हणून तुम्ही आयुष्यभर गवंडीकाम करून मला शिकवलंत. तुम्हाला काय वाटलं असेल ते कळतं मला. फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

खणायला शिकतेय हे खरं आहे. पण माती, पाणी आणि झाडांच्या कामाच्या या अभ्यासक्रमात आम्हाला आधी शिकवलं ते कधी खणायचं नाही हे. मूठभर माती घ्यायची, गोळा वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून भुगा झाला तर वाफसा आहे, म्हणजे ओल काम करण्याइतपतच आहे. गोळा तसाच राहिला तर अवजारं उचलून परत फिरायचं. ओल्या जमिनीवरून ट्रॅक्टर गेला की कणांमधली पोकळी दबते, आणि त्यातलं बरंचसं नुकसान पहिल्याच फेरीत होऊन जातं. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, पाऊस माती घेऊन वाहतो. बोटभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आई. वाफसा हा शब्द लहानपणापासून ऐकत आले, पण तो हाताला कळावा लागतो हे आत्ता समजलं.

आता बाबांसाठी एक गोष्ट. उतारावर समपातळीची रेषा आखायला आम्ही इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट केली. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी आणि शेंड्यापासून दोरीला बांधलेला दगड. म्हणजे तुमचा ओळंबाच! चौकट दोन खुंट्यांवर उभी करायची, दोरी पट्टीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग चौकटीच्या पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. जमीन कितीही वाकडी असो, हे चुकत नाही. चौकटीचा एकेक पाय फिरवत, खुंट्या ठोकत उतार आडवा चालत जायचं, त्या रेषेवर चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला टाकायची. रेषा थोडीशी जरी कलली तरी सगळं पाणी एका टोकाला गोळा होतं आणि तिथेच बांध फुटतो. पावसात आमचा चर काठोकाठ भरून शांत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी रिकामा होता. सगळं पाणी जमिनीत गेलं होतं. कितीतरी वेळ मी तिथेच बघत उभी होते.

एक चूकही सांगते. फांदी तोडायची ती खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर, हे शिकवलेलं होतं. मी मात्र दिसायला नीट म्हणून अगदी खोडालगत करवत चालवली आणि ते कडंच कापून टाकलं. वर विचारलं, "डांबर लावू का?" सर म्हणाले, त्याने कूज थांबत नाही. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंद करतं आणि पुढे वाढत राहतं, आणि ते काम त्या कड्यातूनच सुरू होतं. मग त्यांनी मला एक जुनं खोड दाखवलं. असाच काप होता आणि आत हात जाईल एवढी ढोली. ते रागावले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कागदावर चुकलं तर खोडता येतं. हे झाड माझी चूक कदाचित माझ्यानंतरही वागवत राहील.

इथे नुसत्या लेखी परीक्षेवर प्रमाणपत्र मिळत नाही. केलेल्या प्रत्येक कामाची वहीत नोंद आणि फोटो लागतात, आणि परीक्षकांसमोर काम करून दाखवावं लागतं. पुढे रोपवाटिका, पाणलोटाची कामं, बागा, जंगल यांत जागा असतात. सुरुवातीला पगार ऑफिसातल्यापेक्षा कमी असेल. ते मी धरूनच चालले आहे.

आई, कंबर दुखत नाही. फावडं मारताना गुडघ्यात वाकायला शिकवलंय. करवतीच्या कामाला हेल्मेट, चष्मा, हातमोजे सगळं असतं, त्याशिवाय हात लावू देत नाहीत. काळजी करू नकोस.

बाबा, पुढच्या महिन्यात रेषा आखण्याची परीक्षा आहे. चढावर वारा असतो आणि दगड सारखा झुलतो, दोरी खुणेवर ठरतच नाही. उंच भिंतीवर वाऱ्यात तुम्ही ओळंबा कसा स्थिर करायचात? जड दगड बांधू की दोरी आखूड करू? रविवारी फोन करते, तेव्हा नीट सांगा.

तुमची लेक