ग्रीन बेहून आबांना: लांब फेक की आखूड पास?

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
ऑगस्टचा पहिला आठवडा

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी वाचली. पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय आणि तुम्ही ते बघायला छत्री न घेता गेला होतात का, ते आईकडून कळेलच. आम्ही सगळे मजेत. ह्यांच्या कागद कारखान्यातल्या पाळ्या बदलल्यात, त्यामुळं सकाळी मी आणि तुमचा नातू मोकळे असतो. सध्या त्या मोकळ्या वेळाचं काय होतं, ते सांगायलाच हे पत्र.

मागच्या रविवारी तुम्ही इथल्या अमेरिकन फुटबॉलची चित्रफीत बघून फोनवर विचारलंत, "अगं, एवढा धिप्पाड गडी, एवढा ताकदीचा हात, आणि बॉल टाकतोय पाच पावलांवर? लांब फेकायला काय होतं त्याला?" फोनवर मी हसून विषय टाळला, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. आता सविस्तर लिहिते. आईला आधीच सांगून ठेवा की पत्रात घरचं कमी आणि मैदानावरचं जास्त आहे.

इथं जुलै संपता संपता पॅकर्स संघाचं सराव शिबिर सुरू होतं. मैदान अगदी गावात आहे. एका बाजूला लँबो फील्ड, 80 हजारांवर माणसं बसतील एवढं मोठं स्टेडियम, आणि रस्ता ओलांडला की संघाचे जुने खेळाडू रे नित्श्की यांच्या नावाचं सरावाचं मैदान. गावाची वस्ती जेमतेम लाखभर. म्हणजे मॅचला जवळपास सगळं गाव आत बसेल एवढ्या खुर्च्या! आणि संघाला कुणी एक शेठ मालक नाही, लोकांनीच शेअर घेतलेत. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तरी लोक तो फ्रेम करून भिंतीवर लावतात. आपल्या पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

सराव बघायला तिकीट नसतं. आणि एक जुनी रीत आहे, लोंबार्डी नावाच्या त्यांच्या थोर प्रशिक्षकाच्या काळापासूनची. खेळाडू स्टेडियमातून मैदानावर चालत जात नाहीत, गावातल्या पोरांच्या सायकलींवर बसून जातात. पोरं सकाळपासून सायकली घेऊन रांगेत उभी. तुमच्या नातवाची सायकल यंदा एका नवख्या पोरानं घेतली. गुडघे हँडलला आपटतायत, सीट पार दिसेनाशी झालेली, आणि आमचे चिरंजीव शेजारून त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरून पळतायत. दुपारी घरी आल्यावर जेवेनात. त्या दिवसापासून आम्हाला रोज जावंच लागतंय, कारण "माझा प्लेअर" काय करतो ते बघायचं असतं.

आता तुमचा प्रश्न. इकडच्या खेळात चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकलात की आणखी चार डाव मिळतात, नाही सरकलात तर बॉल समोरच्याकडं. बॉल फेकणारा तो क्वार्टरबॅक. फेकलेला बॉल कुणी झेलला नाही तर बॉल होता तिथंच परत येतो आणि एक डाव फुकट जातो. समोरच्यानं झेलला तर सगळंच गेलं. ढोबळ हिशेब सांगते: जवळचे पास दहातले सात किंवा त्याहून जास्त झेलले जातात. वीस यार्डांच्या पलीकडची फेक दहातली चारएक. शिवाय लांब धावायला गड्याला वेळ लागतो, तोवर फेकणाऱ्यानं बॉल हातात धरून उभं राहायचं, आणि सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. त्याला मिळतात अडीच-तीन सेकंद.

शिबिरात नेमकं हेच दिसत नाही, आबा. क्वार्टरबॅकच्या अंगात लाल जर्सी असते आणि लाल जर्सीला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. पहिले काही दिवस तर कुणाच्याच अंगावर पूर्ण चिलखत नसतं. त्यात एक सराव असतो सात विरुद्ध सात, ज्यात ते अंगावर येणारे धटिंगण नसतातच. मग काय, फेकणारा निवांत उभा राहतो, गडी साठ यार्ड पळतो, बॉल आकाशातून वळण घेत त्याच्या हातात पडतो आणि फळ्यांवर बसलेलं सगळं गाव उठून उभं राहतं. संध्याकाळी तीच चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर. तुम्हीही मला असलीच एक पाठवली होतीत. माझं मत विचाराल तर ऑगस्टमधल्या लांब फेकीवर काडीचाही विश्वास ठेवू नये.

बघायचं असतं दुसरंच, आणि ते मैदानाच्या कोपऱ्यात चाललेलं असतं. क्वार्टरबॅक तीन पावलं मागं जातो. तिसरं पाऊल टेकलं की बॉल सुटला पाहिजे. पळणारा गडीही मोजूनच पावलं टाकतो आणि तिरका आत कापतो. मी कुंपणाला टेकून बघत होते. बॉल सुटला तेव्हा गड्याची पाठ होती! त्यानं मान वळवली आणि त्याच क्षणी बॉल त्याच्या छातीसमोर हजर. हातमोज्यांवर बॉल आपटल्याचा सणसणीत आवाज कुंपणापर्यंत आला. पुढच्या वेळी गडी अर्धं पाऊल उशिरा वळला, बॉल खांद्यावर आदळून गवतात. प्रशिक्षक ओरडला नाही, काही नाही. गड्याच्या बुटांकडं बोट दाखवलं आणि परत पहिल्यापासून. परत. परत. फळ्यांवर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, कारण सगळ्यांच्या माना त्या वेळी पलीकडच्या लांब फेकीकडं वळलेल्या.

शाहू स्टेडियमवर आपला फुटबॉल बघायला तुम्ही आम्हाला घेऊन बसायचा तेव्हा पाटाकडील नाहीतर खंडोबा तालमीच्या एखाद्या पोरानं उगाच उंच बॉल टोलवला की तुम्ही बसल्या जागी करवादायचा, "अरे, गवतावर ठेव की बॉल!" अख्खा स्टँड मात्र त्या टोल्यावर शिट्ट्या मारत असायचा. म्हणून मला तुमच्या प्रश्नाचं नवल वाटलं. हातानं खेळतात म्हटल्यावर तुम्ही शिट्टीवाल्यांच्या बाजूला कसे गेलात?

फेकण्याला मुळात परवानगी मिळाली ती 1906 साली. त्याआधी सगळा खेळ अंगावर अंग घालून रेटायचा. पोरं मरायला लागली, प्रकरण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेलं आणि नियम बदलले. पहिली कायदेशीर फेक आमच्याच राज्यात, वॉकेशा नावाच्या गावी, त्या वर्षी सप्टेंबरात सेंट लुईसच्या संघानं केली. पहिला प्रयत्न जमिनीवर पडला आणि तेव्हाच्या नियमानं बॉल थेट समोरच्याकडं गेला! असल्या नियमात कोण फेकायला धजणार? पुढं नियम सैल झाले तसे लोक धीट झाले. इथं ग्रीन बेमध्ये डॉन हटसन नावाचा झेलणारा होऊन गेला. त्यानं 1935 ते 1945 मध्ये 99 टचडाऊन (समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडं बॉल नेला की होतो तो, आपला गोलच म्हणा ना) झेलले आणि तो विक्रम मोडायला 1989 साल उजाडलं.

जवळच्या पासचं शास्त्र मात्र उभं राहिलं गरजेतून. सिनसिनाटीच्या संघाकडं 1969 साली ग्रेग कुक नावाचा पोरगा होता. हातात बंदूक असल्यासारखा फेकायचा. पहिल्याच वर्षी त्याचा खांदा गेला. त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर, डोक्यानं तल्लख पण लांब फेकायला हात नाही. तिथं बिल वॉल्श नावाचा सहायक प्रशिक्षक होता. त्यानं विचार केला, याच्याकडून लांब होत नाही ना, मग मैदानाची रुंदी वापरू. मैदान रुंदीला त्रेपन्न यार्डांहून थोडं जास्त. पाच गडी पाच दिशांना सोडायचे, फेकणाऱ्यानं पहिल्याकडं बघायचं, तो अडलेला असेल तर दुसऱ्याकडं, मग तिसऱ्याकडं, आणि प्रत्येक नजर एकेका पावलाला बांधलेली. बॉल छोटा टाकायचा, पण तो धावत्या गड्याच्या हातात असा पडला पाहिजे की त्याला न थांबता पुढं पळता यावं. उरलेले यार्ड पाय मिळवून देतात. कार्टरनं 1971 मध्ये नेम लागण्याच्या टक्केवारीत अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर काढला.

पुढं हाच वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला गेला. 1979 साली त्यानं जो मोंटाना या क्वार्टरबॅक पोराला नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत उचललं. हात फार जबर नाही म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलेला. त्या जोडीनं तीन वेळा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. वॉल्शच्या हाताखाली तयार झालेला माइक होल्मग्रेन 1992 साली इथं ग्रीन बेला आला आणि तीच विद्या इथं रुजली.

गंमत पुढं आहे. होल्मग्रेनच्या हाती लागला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व, ज्याला लांब फेकल्याशिवाय चैनच पडत नसे. दोघांची वर्षानुवर्षं ओढाताण. जानेवारी 1997 मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल झाला, आणि जवळच्या पासवर वाढलेल्या या संघानं दुसऱ्याच डावात 54 यार्डांची फेक टाकून टचडाऊन केला. सामन्याच्या दुसऱ्या पाव भागात 81 यार्डांचा आणखी एक. सामना 35-21 असा खिशात. शेजारच्या घरातले म्हातारे आजोबा अजून या दोन फेकींचं वर्णन हातवारे करून सांगतात. होल्मग्रेनचं नाव घेतलं की मात्र म्हणतात, तो फार पावलं मोजायचा.

पण त्या फेका मिळाल्या कशा? समोरचे बचाव करणारे पुढं सरकून उभे होते. मागं रान मोकळं. आणि उलटंही खरं: वर्षभर एकही लांब फेक टाकली नाहीत तर समोरचे सगळे तुमच्या नाकासमोर येऊन उभे राहणार, मग जवळचा पाससुद्धा टाकायला जागा उरत नाही. म्हणून लांब फेक कुणाच्या हातात पडली नाही तरी वाया जात नाही, आबा. ती दोन माणसांना मागं बांधून ठेवते. तेवढ्यापुरता तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

अलीकडं तर बरेच संघ दोन-दोन राखणदार खोल मागं उभे करतात. याचं कारण बरंचसं कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. 2018 साली त्यानं 50 टचडाऊन फेकले, लोक धास्तावले आणि मागं सरकले. मग 2022 मध्ये कॅन्सस सिटीनं आपला सगळ्यांत वेगवान पळणारा गडी, टायरीक हिल, मायामीला देऊन टाकला. सगळे म्हणाले, संपले हे. महोम्सनं निमूटपणे जवळचे पास टाकायला घेतले आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. ज्याच्या हातात सगळ्यांत लांब फेक आहे, त्यानंच धीर धरून आखूड टाकावं, हे मला फार आवडलं.

इथल्या हवेचाही भाग आहे. आता ऊन आहे, लोक आइस्क्रीम चाटत सराव बघतायत. सामने मात्र डिसेंबर-जानेवारीतही इथंच, उघड्यावर. 31 डिसेंबर 1967 चा सामना झाला तेव्हा तापमान शून्याखाली 25 अंश होतं. असल्या थंडीत बॉल दगड होतो, बोटं बधिर, त्यात तळ्यावरून येणारं वारं. त्या दिवशी शेवटच्या क्षणी ग्रीन बेचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार यानं बॉल फेकलाच नाही, पोटाशी धरून स्वतःच पुढं घुसला आणि जिंकला.

नातवाचा "प्लेअर" झेलणारा आहे. परवा त्यानं एक लांब फेक एका हातानं झेलली, टाळ्यांचा कडकडाट झाला, चिरंजीव तर कुंपणावर चढले. मला मात्र त्याची काळजी वाटते. शिबिराला 90 जण असतात, ऑगस्टअखेर 53 उरतात. नवख्याला ठेवायचं की नाही ते अशा एका झेलावर ठरत नाही. जवळच्या पासला तो वेळेवर वळतो का, दुसऱ्याच्या हातात बॉल असताना अंगावर घेऊन वाट मोकळी करून देतो का, हे बघतात. परवा तो दोनदा उशिरा वळला, मी बघितलंय. सराव संपल्यावर मात्र बाकीचे सायकलींकडं गेले आणि हा बॉल फेकणाऱ्या यंत्रासमोर एकटाच झेलत उभा राहिला. नातू हेल्मेटची वाट बघत उन्हात ताटकळला, पण हूं की चूं केलं नाही. घरी जेवायला थांबवलं तर केवढा गोंधळ घालतो, तुम्हाला माहीत आहेच.

हंगाम सप्टेंबरात सुरू होईल. इथल्या दुपारी बाराच्या मॅचला तिकडं रात्रीचे साडेदहा वाजतात. बघायचीच असेल तर पहिला अर्धा भाग बघा आणि झोपा, बीपीची गोळी जेवणानंतर लगेच घ्या, मॅच संपायची वाट बघू नका. आईनं विचारलेली चटणीची पुडी मिळाली. तिखट कमी आहे, कुणाकडून कांडून घेतली ते विचारून ठेवा. वर्षाची चटणी पुढच्या खेपेला आपल्या नेहमीच्याच डंकावरून करायला सांगा. पाणी ओसरलं की घराच्या मागच्या भिंतीची ओल बघून घ्या आणि दादाला फोटो पाठवायला सांगा.

ती. आईस नमस्कार. नातू साष्टांग नमस्कार सांगतो आणि विचारतो, आबांची जुनी सायकल अजून आहे का?

तुमची लेक